राबणाऱ्या घोड्याचा अभ्यास : दादरमधील चार रविवारांच्या वर्गाविषयी

दादर पश्चिमेला, स्थानकापासून दहा मिनिटांच्या अंतरावरील एका जुन्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर, इतिहासाची आवड असणाऱ्यांचा एक अभ्यासगट अधूनमधून विषयवार वर्ग भरवतो. या वर्षी पावसाळा सरता सरता त्यांनी पूर्वमध्ययुगातील राबणाऱ्या घोड्यांवर, म्हणजे साधारणपणे इ. स. ५०० ते ११०० या काळात गाडी, ओझे, शेत आणि स्वारी यांसाठी वापरल्या गेलेल्या घोड्यांवर, चार रविवारांचा वर्ग घेतला. दर रविवारी सकाळी दहा ते एक अशी बैठक, त्यांपैकी एक प्रत्यक्ष तबेल्यात, शिवाय छापील टिपणांची पुस्तिका आणि चहा, असे सर्व मिळून शुल्क २४०० रुपये होते. मी चारही रविवार हजर होतो. हाच वर्ग पुन्हा घेण्याचा त्यांचा विचार असल्याने, पैसे आणि चार सुट्या खर्च करण्यापूर्वी त्यात काय मिळते व काय मिळत नाही हे इच्छुकांना कळावे, यासाठी हे सविस्तर लिहीत आहे.

मी या वर्गाला का गेलो, तेही सांगायला हवे. शाळेत सव्वीस वर्षे इतिहास शिकवताना मी घोडदळाविषयी पुष्कळ बोललो. परंतु सातवीतल्या एका मुलीने एकदा विचारले होते की, लढाई नसेल तेव्हा हे सगळे घोडे काय करायचे, आणि मला तिला धड उत्तर देता आले नव्हते. घोडा म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर आधी स्वार उभा राहतो. काळा घोडा हे नावसुद्धा सातव्या एडवर्डच्या अश्वारूढ पुतळ्यावरून पडले, आणि तो पुतळा १९६५ मध्ये तिथून हलवून भायखळ्याच्या राणीच्या बागेत नेण्यात आला तरी नाव मागे राहिले. प्रत्यक्षात ही मुंबई घोड्यांनी ओढलेली आहे. १८७४ ते १९०५ या काळात इथल्या ट्राम घोडे ओढत होते, आणि व्हिक्टोरिया या घोडागाड्या तर २०१५ मध्ये उच्च न्यायालयाने बेकायदा ठरवीपर्यंत रस्त्यावर होत्या. माझे बालपण गिरगावात गेले. आमच्या चाळीच्या मागच्या बोळात व्हिक्टोरियाचे चार घोडे बांधलेले असत, आणि भिजवलेल्या हरभऱ्याचा, ओल्या गवताचा व घामेजल्या कातड्याचा एकत्रित वास मला आजही ओळखता येतो. त्यामुळे स्वाराला बाजूला ठेवून घोड्याच्या कष्टांविषयी कोणी बोलणार आहे, हे वाचल्यावर मी त्याच दिवशी नाव नोंदवले.

पहिल्या रविवारी खोलीच्या मधोमध दोन बांबू उभे करून त्यांच्यामध्ये जमिनीपासून १४७ सेंटिमीटर उंचीवर एक सुती दोरी ताणलेली होती. घोड्याची उंची मानेच्या बुडाशी, म्हणजे खांद्याच्या उंचवट्यापाशी मोजतात आणि ती चार इंचांच्या ‘हातां’त सांगतात, हे समजावून झाल्यावर शिक्षकांनी आम्हांला एकेक करून त्या दोरीशेजारी उभे केले. दोरी माझ्या हनुवटीच्याही खाली आली. इंग्लंडमधील १७१ पुरातत्त्वीय स्थळांवर सापडलेल्या घोड्यांच्या हाडांचा जो मोठा अभ्यास अलीकडे झाला, त्यात त्या काळातले बहुतेक घोडे या दोरीपेक्षाही बुटके, म्हणजे आजच्या भाषेत तट्टू म्हणावेत असेच आढळले. चित्रपटांतील लोखंडी चिलखत घातलेला अवाढव्य घोडा डोक्यातून काढून टाकायला त्या दोरीने दोन मिनिटेही घेतली नाहीत, आणि मला वाटते, शिकवणे म्हणतात ते हेच.

त्यानंतरचा तास घोड्याच्या किमतीचा होता. सातव्या शतकातील, ऱ्हाईन नदीकाठच्या रिपुआरी फ्रँक या जर्मानिक टोळीच्या कायद्यात नुकसानभरपाईसाठी जे दर ठरवलेले आहेत त्यांत बैलाला २ सॉलिडस (सोन्याची नाणी), घोडीला ३ आणि नर घोड्याला १२ सॉलिडस असे मोल दिले आहे. चांगले चिलखतही १२ सॉलिडसचेच. म्हणजे एका घोड्याच्या किमतीत सहा बैल येत. दुसरीकडे फ्रँकांच्याच दुसऱ्या एका शाखेच्या सॅलिक कायद्यात गाडी ओढणारा घोडा चोरल्यास ४५ सॉलिडस दंड सांगितला आहे, म्हणजे गाडीच्या घोड्यालाही कायद्याने नाव घेऊन संरक्षण दिलेले होते. इंग्लंडचा राजा अ‍ॅथेलस्टन याने दहाव्या शतकात, भेट म्हणून द्यायचा असल्याखेरीज घोडा समुद्रापार विकू नये, असा हुकूम काढला. हे आकडे शिक्षकांनी नुसते वाचून दाखवले नाहीत. फळ्यावर एका बाजूला घोडा आणि दुसऱ्या बाजूला त्याच्या बदल्यात येणाऱ्या वस्तू मांडत गेल्याने, ज्याच्या घरी दोनच बैल आहेत अशा शेतकऱ्याला घोडा बाळगणे किती अवघड होते, हे न सांगताच कळत गेले.

याच तासाला सांगितलेली एक हकिकत माझ्या मनात राहिली. आठव्या शतकातील इतिहासकार बीड याने ती नोंदवून ठेवली आहे. नॉर्थंब्रिया प्रांतातील राजा ओस्विन याने बिशप एडन याला प्रवासासाठी उत्तम सजवलेला घोडा दिला. एडनला वाटेत एक भिकारी भेटला, आणि त्याने साजासकट घोडा त्याला देऊन टाकला. राजा रागावला, भिकाऱ्याला द्यायचे तर आमच्याकडे कमी किमतीचे घोडे पुष्कळ होते, असे त्याचे म्हणणे होते. एडनने त्याला उलट विचारले की, घोडीचे पिल्लू तुला देवाच्या लेकरापेक्षा मोलाचे वाटते काय. ही कथा धर्मगुरूच्या औदार्याची म्हणून सांगितली जाते. शिक्षकांनी मात्र राजाच्या वाक्याकडे लक्ष वेधले. त्या एका तक्रारीतून आपल्याला कळते की सातव्या शतकातल्या राजाच्या पागेत घोड्यांची प्रतवारी होती, आणि कमी प्रतीचे, कोणाच्या काव्यात न येणारे घोडेच संख्येने अधिक होते.

दुसरा रविवार साजाचा होता, आणि संपूर्ण वर्गात तो सर्वोत्तम. एका चर्मकाराकडून त्यांनी दोन वस्तू करवून घेतल्या होत्या. एक होता गळ्यावरून आणि पोटाखालून जाणारा सपाट पट्टा, आणि दुसरे होते गळ्यात अडकवायचे जाड, लांबट कडे. कड्याच्या आत पेंढा ठासून भरलेला, बाहेरून कातडे शिवलेले आणि दोन्ही बाजूंना लाकडी दांड्या बसवलेल्या, अशी त्याची रचना होती. मी ते उचलून पाहिले. भरलेल्या शाळेच्या दप्तराइतके ते जड होते, आणि आतल्या बाजूला जिथे ते घोड्याच्या खांद्याच्या हाडावर टेकणार तिथे शिवण मुद्दाम बाहेर वळवलेली होती, जेणेकरून टाक्यांनी कातडी सोलवटू नये. आमच्यापैकी काहींना आधी गळ्याच्या तळाशी आणि मग खांद्यांवर पट्टा घेऊन वाळूचे पोते फरशीवरून ओढायला लावले. गळ्याशी पट्टा असताना चार पावलांत डोळ्यांपुढे अंधारी येऊ लागते; खांद्यांवर घेतल्यावर तेच पोते खोलीच्या दुसऱ्या टोकापर्यंत जाते.

इथेच थांबले असते तर तो तास केवळ गमतीचा ठरला असता. परंतु माणसाचा गळा म्हणजे घोड्याचा गळा नव्हे, हे शिक्षकांनी लगेच सांगितले, आणि पुढचा अर्धा तास या प्रयोगातून काढल्या गेलेल्या घाईच्या निष्कर्षांना दिला. लफेव्र द नोएत या फ्रेंच अधिकाऱ्याने १९३१ मध्ये असे मांडले की प्राचीन काळचा साज घोड्याची श्वासनलिका दाबत असल्याने त्याची ताकद वाया जात असे, आणि गळ्यातले भरीव कडे आल्यावरच युरोपात घोडा खऱ्या अर्थाने कामाला लागला. त्यासाठी त्याने रोमन टपालगाड्यांवर घातलेल्या १५०० रोमन पौंडांच्या, म्हणजे सुमारे ४९० किलोंच्या मर्यादेचाही आधार घेतला होता. पुढे १९७० च्या दशकात झाँ स्प्रुइत या फ्रेंच अभ्यासकाने जुन्या साजांच्या प्रतिकृती करून त्या जिवंत घोड्यांवर वापरून पाहिल्या, तेव्हा त्या साजांनी घोडे गुदमरत नाहीत असे दिसून आले. जुना साज निरुपयोगी नव्हता. मात्र जड मातीत, सावकाश आणि सतत ओढण्याच्या कामासाठी कडे अधिक सोयीचे होते, एवढेच आज खात्रीने म्हणता येते. ज्या विषयावर एक आकर्षक सिद्धांत तयार आहे, त्या विषयात त्याची मर्यादा इतक्या शांतपणे शिकवलेली मी क्वचितच पाहिली आहे.

याच बैठकीत त्या मुलीच्या प्रश्नाचे पहिले उत्तर मला मिळाले, आणि ते वाटले होते त्यापेक्षा गुंतागुंतीचे निघाले. पूर्वमध्ययुगात घोड्याने बैलाची जागा घेतली असे सरसकट म्हणणे चूक आहे. चीनमध्ये हे कडे पाचव्या शतकापासून दिसते आणि युरोपातील चित्रांत ते इ. स. ८०० च्या सुमारास येते. तरीही १०८६ मध्ये इंग्लंडची जी मोजदाद झाली तिच्यात नांगराचा जोड आठ बैलांचा धरूनच जमिनी मोजल्या आहेत. घोडा नांगराला लागला तो आधी कडेकडेच्या प्रदेशांत. नवव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडच्या आल्फ्रेड राजाच्या दरबारी आलेल्या ओहथेरे या नॉर्वेच्या सरदाराने आपली मालमत्ता सांगितली ती अशी की, वीस गुरे, वीस मेंढ्या, वीस डुकरे, आणि जी काही थोडी जमीन नांगरतो ती घोड्यांनी नांगरतो. अकराव्या शतकातील, फ्रान्समधल्या बायो येथील भरतकाम केलेल्या लांबलचक कापडाच्या खालच्या किनारीत नांगराला खेचर किंवा गाढव जुंपलेले दिसते, तर त्याच्यापुढे एक घोडा गळ्यात कडे घालून दंताळे ओढताना दिसतो. नांगरट बैलाची आणि ढेकळे फोडण्याचे, बी मातीआड करण्याचे हलके पण झपाट्याने उरकायचे काम घोड्याचे, अशी ही वाटणी होती. पेरणीनंतर पाखरांनी दाणे टिपण्याआधी दंताळे फिरायला हवे, हे ज्यांनी शेत पाहिले आहे त्यांना वेगळे सांगायला नको. आमच्यातले एक निवृत्त कृषी सहायक त्या चित्रापुढे बराच वेळ उभे होते, आणि आपल्या बैलाला वशिंड असल्यामुळे जू जसे आपोआप बसते तसे ते घोड्याच्या मानेवर बसत नाही, हा मुद्दा त्यांनी इतक्या सोप्या शब्दांत मांडला की शिक्षकांनी तो फळ्यावर लिहून घेतला.

तिसऱ्या रविवारची तबेल्याची भेट उपनगरात होती. बस सव्वा तास उशिरा निघाली, आणि त्याची कल्पना कोणालाही आधी दिली गेली नाही. दोन ज्येष्ठ महिला भर उन्हात पदपथावर उभ्या होत्या. हा गलथानपणा आहे, आणि इतक्या चांगल्या वर्गाला तो शोभत नाही. तबेल्यात पोहोचल्यावर मात्र वेळ सत्कारणी लागला. नालबंदाने घोड्याचा पुढचा पाय गुडघ्यात दुमडून आपल्या दोन्ही मांड्यांमध्ये धरला, जुनी नाल सांडशीने उपटली, वाढलेले खूर नखासारखे कापून कानशीने सपाट केले आणि नवी नाल ठोकायला घेतली. खिळा खुराच्या जिवंत भागात जाऊ नये म्हणून तो किंचित बाहेरच्या बाजूला तिरका मारतात; त्याचे टोक खुराच्या भिंतीतून बाहेर आले की ते पिरगळून तोडतात आणि उरलेले खाली वळवून बसवतात. प्रत्येक खिळ्यागणिक तो हातोडीच्या आवाजाकडे कान देत होता. आवाज भरीव आला की खिळा कवचात आहे, बोदा आला की मागे घ्यायचा, असे त्याने सांगितले. तेवढ्या वेळात घोड्याने दोनदा कान मागे टाकले आणि मोतद्दाराने प्रत्येक वेळी त्याच्या मानेवर तळहात ठेवला.

खिळ्यांनी ठोकलेल्या नालेचा स्पष्ट लेखी उल्लेख बायझँटाइन सम्राट सहावा लिओ याच्या युद्धशास्त्रावरील ग्रंथात, म्हणजे इ. स. ९०० च्या आसपास येतो, आणि युरोपात तिचा वापर त्यानंतरच्या दीड-दोनशे वर्षांत सर्वत्र झाला. त्याआधी रोमन लोक खुराखाली लोखंडी तळवा बांधत. कोरड्या प्रदेशात खूर टणक राहतात, तर उत्तरेकडच्या ओल्या मातीत ते मऊ पडून झिजतात, म्हणून नालेची गरज तिकडे अधिक भासली, हे स्पष्टीकरण मुंबईच्या पावसाळ्यात त्या चिखलात उभे राहून ऐकताना फार पटले.

तबेल्यातील दुसरा धडा चाऱ्याचा होता, आणि माझ्या मते सबंध विषयाची किल्ली त्यातच आहे. साडेतीनशे किलो वजनाच्या घोड्याला रोज सुमारे सात किलो सुका आहार लागतो, कामाच्या दिवसांत त्यात धान्यही लागते, आणि पाणी पंचवीस-तीस लिटर तरी हवे. बैल रवंथ करतो, त्यामुळे कडब्यावरही तो भागवतो. घोडा बैलापेक्षा चपळ, दिवसाकाठी अधिक तास चालणारा. परंतु तो माणसाच्या धान्यात वाटेकरी होतो. म्हणूनच जिथे तीन शेतांची पीकफेर, म्हणजे जमिनीचे तीन भाग करून आलटूनपालटून पिके घेण्याची पद्धत, आली आणि तिच्यात ओट पिकू लागले तिथेच घोडा शेतकऱ्याच्या दारी टिकला. शिवाय बैल म्हातारा झाला तर त्याचे मांस खाता येई. घोड्याच्या बाबतीत तीही सोय उरली नाही, कारण ७३२ मध्ये तिसऱ्या ग्रेगरी या पोपने बोनिफेस या धर्मप्रचारकाला पत्र लिहून घोड्याचे मांस खाण्याची चाल बंद करण्यास सांगितले होते. घोडे पेंड कुठे खाते, असे आपण म्हणतो. त्या काळातल्या शेतकऱ्याला हा प्रश्न रोज सकाळी पडत असणार.

फ्रँकांचा राजा शार्लमेन याने आपल्या जहागिरींच्या कारभाऱ्यांसाठी इ. स. ८०० च्या आसपास जे आदेश दिले, त्यांतला घोड्यांविषयीचा भाग तिथेच, तोबरे टांगलेल्या भिंतीशेजारी उभे राहून आम्हांला वाचून दाखवण्यात आला. वळू घोडे एकाच कुरणात फार दिवस ठेवू नयेत, एखादा निकामी वा म्हातारा होत असेल तर घोड्या माजावर येण्याआधीच राजाला कळवावे, आणि शिंगरे सेंट मार्टिनच्या सणाला, म्हणजे ११ नोव्हेंबरला, राजवाड्यात पोहोचती करावीत, असे त्यात सांगितले आहे. त्याच आदेशांत लष्करासोबत जाणाऱ्या प्रत्येक गाडीत १२ मोदी (मोदी हे धान्याचे जुने माप) पीठ मावावे आणि गाडीवर कातड्याचे आच्छादन इतके घट्ट असावे की नदी पोहून पार करताना आत पाणी शिरू नये, अशीही सूचना आहे. याच शार्लमेनच्या ७९१ मधील आवार या मध्य युरोपातील घोडेस्वार लोकांविरुद्धच्या मोहिमेत घोड्यांवर साथ आली, आणि हजारो घोड्यांपैकी जेमतेम दहावा हिस्सा जगला, असे तत्कालीन बखरीत नोंदलेले आहे. मोतद्दाराला हे मराठीतून समजावून सांगितल्यावर तो काही वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, ‘‘मग त्यांचे मोतद्दार घरी कसे परतले असतील?’’ मी आजवर या मोहिमेविषयी जे वाचले त्यात हा प्रश्न मला कुठे भेटला नव्हता.

चौथ्या रविवारी भारताची पाळी आली, आणि इथे माझी मुख्य तक्रार आहे. तीन बैठका युरोपला आणि भारताला एकच, तीही अर्धा वेळ रिकिबीच्या, म्हणजे स्वाराने पाय ठेवायच्या कडीच्या, चर्चेत गेली. रिकिबीचा इतिहास सांगायला हरकत नाही. सांची आणि भाजे येथील शिल्पांत पायाचा अंगठा अडकवायचा वेढा दिसतो. चीनमध्ये ३०२ च्या मातीच्या बाहुल्यांत एका बाजूची आणि ४१५ च्या एका कबरीत जोडीची रिकीब मिळाली. सहाव्या शतकाच्या उत्तरार्धात आवारांनी लोखंडी रिकीब युरोपात आणली. इथवर ठीक होते. परंतु रिकिबीमुळे भाला धरून झेपावणारा स्वार आला आणि त्यातून सरंजामशाही जन्मली, हे लिन व्हाइट या अमेरिकन इतिहासकाराने १९६२ मध्ये मांडलेले मत पाहुण्या व्याख्यात्यांनी सिद्ध झाल्यासारखे सांगितले. त्या मताला पुढच्याच वर्षी सॉयर आणि हिल्टन या इतिहासकारांनी कठोर आक्षेप घेतले होते. दुसऱ्या रविवारी ज्या वर्गाने साजाच्या बाबतीत एवढी काळजी घेतली, त्याच वर्गात चौथ्या रविवारी ती सुटली, याचे मला वाईट वाटले. मी आक्षेप नोंदवला, आणि वर्गाच्या मुख्य शिक्षकांनी नंतर सर्वांना पाठवलेल्या पत्रात तो मान्य करून दुरुस्ती केली, हे त्यांच्या प्रामाणिकपणाचे लक्षण म्हणून मुद्दाम लिहितो.

उरलेल्या वेळात जे सांगितले गेले ते इतके चांगले होते की आणखी वेळ का ठेवला नाही, असे सारखे वाटत राहिले. आपल्याकडे नांगर, गाडा आणि तांडा ही कामे बैलाकडेच होती. घोडा होता राजाचा, सरदाराचा आणि व्यापाऱ्याचा. म्हणून इथल्या राबणाऱ्या घोड्याची गोष्ट ही शेताची नसून वाटेची, बाजाराची आणि बंदराची आहे. हरियाणातील पेहोवा येथील ८८२ च्या शिलालेखात निरनिराळ्या गावांहून आलेल्या घोडेव्यापाऱ्यांनी एकत्र जमून, विकल्या जाणाऱ्या प्रत्येक जनावरामागे देवळांसाठी ठरावीक रक्कम देण्याचे मान्य केल्याची नोंद आहे. म्हणजे तिथे घोड्यांची नियमित यात्रा भरत होती. सातव्या शतकात बाणभट्टाने हर्षाच्या पागेतले घोडे वर्णन करताना वनायु, आरट्ट, कंबोज, सिंध आणि पारसीक अशा प्रदेशांची नावे घेतली आहेत, आणि रंगांच्या यादीत पंचभद्र हा शब्द वापरला आहे. चारही पाय आणि तोंड पांढरे असलेल्या घोड्याला आपण आजही पंचकल्याणी म्हणतो. बाराव्या शतकात गुजरातेत जैन पंडित हेमचंद्राने दिलेल्या घोड्यांच्या नावांत सेराह, खोंगाह, वोल्लाह असे शब्द येतात, जे कानाला संस्कृत वाटतच नाहीत. घोड्यासोबत घोडे आणणाऱ्यांची भाषाही किनाऱ्यावर उतरली होती. त्याच शतकात कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने रचलेल्या ‘मानसोल्लासा’त घोड्यांवरून खेळायच्या चेंडूच्या खेळाचे स्वतंत्र प्रकरण आहे.

कोकण किनाऱ्याचा भाग तर आमच्या अगदी दारातला होता. अरब प्रवासी अल मसुदी ९१६ च्या सुमारास चौलला आला तेव्हा तिथे सुमारे दहा हजार मुसलमान वस्ती करून होते. पालघर जिल्ह्यातील चिंचणी येथे मिळालेल्या ९२६ च्या ताम्रपटातून कळते की राष्ट्रकूट राजाने संजाणचा कारभार एका अरब अधिकाऱ्याकडे सोपवला होता. समुद्रामार्गे येणाऱ्या घोड्यांचा व्यापार याच लोकांच्या हातून पुढे वाढला. तेराव्या शतकाच्या अखेरीस, म्हणजे या वर्गाच्या कालमर्यादेनंतर, मार्को पोलो ठाण्याविषयी लिहितो की तिथल्या राजाचा चाच्यांशी करार होता, लुटीतले घोडे राजाला द्यायचे आणि बाकीचा माल त्यांनी ठेवायचा. ठाण्याहून रोज लोकलने येणाऱ्या एका सहाध्यायी मुलीने हे ऐकून वहीत दोनदा अधोरेखित केले. एवढ्या सामग्रीवर केवळ पाऊण तास मिळावा, हे या वर्गाचे सर्वांत मोठे उणे आहे. शालिहोत्राच्या नावाने चालत आलेल्या अश्ववैद्यकाला तर दोन वाक्येच मिळाली. घोड्याच्या वैद्याला मराठीत सालोत्री म्हणतात तो शब्द त्या नावापासूनच आला, एवढे सांगून ते पुढे गेले.

व्यवस्थेविषयी थोडक्यात. इमारतीला लिफ्ट नाही, आणि तीन मजले चढणे ज्यांना जमत नाही त्यांच्यासाठी कोणतीही पर्यायी सोय केलेली नाही; ती व्हायला हवी. पुस्तिका ४८ पानांची असून छपाई स्वच्छ आहे, पण तिच्यात एकही नकाशा नाही, त्यामुळे मध्य युरोपातील पानोनिया, नॉर्थंब्रिया आणि पेहोवा ही स्थळे नवख्या वाचकाच्या मनात नुसती तरंगत राहतात. चहा वेळेवर आणि चांगला.

पुस्तिकेची भाषा मात्र मनापासून वाखाणण्याजोगी आहे. खोगीर, तंग, दुमची, तोबरा, खरारा, आगाडी-पिछाडी हे शब्द जसेच्या तसे वापरले आहेत आणि प्रत्येकाशेजारी रेखाचित्र आहे. खोगीरभरती हा शब्द आपण निरुपयोगी माणसांच्या भरतीसाठी सहज वापरतो. खोगिरात चिंध्या किंवा पेंढा नीट भरला नाही तर घोड्याच्या पाठीला भगदाड पडते आणि महिनाभर तो कामातून जातो, हे तबेल्यात खोगीर उलटे करून दाखवल्यावर तो शब्द यापुढे तसा वापरायला माझी जीभ धजावणार नाही.

ज्यांना युद्धकथा ऐकायच्या आहेत त्यांनी या वर्गाला जाऊ नये. इतिहासाच्या शिक्षकांनी, पशुवैद्यकीच्या विद्यार्थ्यांनी आणि शेतीशी संबंध असलेल्यांनी अवश्य जावे. पहिल्या तीन बैठकांसाठीच २४०० रुपये वसूल होतात असे मी निःशंकपणे म्हणेन. त्या मुलीचा पत्ता माझ्याकडे असता तर पुस्तिकेची एक प्रत मी तिला पाठवली असती.

आयोजकांना मी एक सूचना लेखी दिली आहे. पुढच्या वेळी पाचवा रविवार वाढवावा, शुल्कही त्या प्रमाणात वाढवावे, आणि ती बैठक बोरिवलीला एकसरच्या वीरगळांपाशी घ्यावी. तिथल्या एका शिळेच्या खालच्या पट्टीत तलवारी उगारलेले दोन घोडेस्वार एका धनुर्धरावर चालून जाताना कोरलेले आहेत. शिलाहारांच्या काळातले ते घोडे पावसाने झिजले असले, तरी ओळखता येतात, आणि चर्चगेटहून लोकलने तासाभरात तिथे पोहोचता येते.